विजेची शिट्टी

१५ मार्च २०१२ची संध्याकाळ ॲन आर्बरकरांच्या लक्षात असेल. शेजारच्या डेक्स्टरमध्ये ईएफ-३ तीव्रतेचा टोर्नेडो उतरला. शंभरावर घरांचं नुकसान झालं, जीव मात्र एकाचाही गेला नाही. आम्ही तळघरात बसलो होतो, हाताशी सेलवर चालणारा जुना रेडिओ. खिडकीच्या फटीत वीज चमकली की त्याच क्षणी एएमवर खर्र व्हायचं, गडगडाट मागाहून यायचा. लेकीने विचारलं, "बाबा, रेडिओला आधी कसं कळतं?" त्या प्रश्नामागे जाता जाता मी ज्या गोष्टीपाशी पोचलो, ती आज तुम्हाला सांगतो.

वीज कडाडते तेव्हा आवाजाबरोबर रेडिओलहरीही निघतात, आणि त्या प्रकाशाच्या वेगाने येतात. त्यांतल्या काहींची कंपनसंख्या सेकंदाला काही हजारच असते, आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाएवढी. म्हणून लांब तार आणि ॲम्प्लिफायर असला की त्या थेट हेडफोनवर ऐकता येतात. पहिल्या महायुद्धात जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन शत्रूच्या टेलिफोनवरचं बोलणं चोरून ऐकण्याच्या कामावर होता. त्याला मधूनच उंच सुरावरून खाली घसरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकू आल्या. आघाडीवरचे सैनिक म्हणायचे, तोफगोळे उडताना ऐकू येतायत. पुढे इंग्लंडमध्ये मार्कोनी कंपनीच्या एकर्सली यांनी या शिट्ट्यांचा विजेशी संबंध जोडला. पण वीज तर नुसतं 'ठक्' करते. त्याची शिट्टी कशी होते? आणि ती एक-दोन सेकंद उशिरा का येते? एका सेकंदात रेडिओलहर पृथ्वीभोवती सात फेऱ्या मारेल!

१९५०च्या सुमारास केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ओवेन स्टोरी नावाचा विद्यार्थी, वय पंचविशीच्या आत, या कोड्यामागे लागला. नुसतं ऐकून शिट्ट्यांची मापं घेता येत नाहीत, त्यांचं चित्र हवं. बेल लॅबमध्ये आवाजाचं चित्र काढणारं यंत्र झालेलं होतं, पण ते माणसाच्या बोलण्यासाठी. स्टोरीने आपला स्पेक्ट्रम ॲनलायझर स्वतःच जुळवला. अशा चित्रात आडवी वेळ, उभा सूर. ठक् म्हणजे सरळ उभी रेघ, आणि शिट्टी म्हणजे वरून उतरत उतरत आडवी होत जाणारी वाकडी रेघ.

आता खरी गंमत. काही शिट्ट्यांच्या आधी ठक् ऐकू यायचा, काहींच्या आधी नाही. ठक् असलेल्यांची रेघ दुप्पट पसरट. शिट्टीमागून तिचे प्रतिध्वनी आले, तर एका जातीत हा पसरटपणा १, ३, ५ अशा पटींत वाढायचा आणि दुसऱ्या जातीत २, ४, ६. विषम आणि सम! हिशेब असा: लहर पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेला धरून वर चढते, दुसऱ्या गोलार्धात उतरते आणि तिथून परत फिरते. वीज पलीकडे पडली तर ती एक खेप करून आपल्याकडे येते, मग तीन, मग पाच. आपल्याकडेच पडली तर दोन, चार, सहा. एकत्र निघालेल्या वारकऱ्यांत तरणे पुढे जावेत आणि म्हातारे मागे राहावेत, तसे वाटेत उंच सूर पुढे पळतात, खालचे रेंगाळतात. ठक्‌ची शिट्टी होते ती अशी.

पण रेंगाळायला वाटेत काहीतरी हवं. स्टोरीच्या गणितानुसार हजारो किलोमीटर उंचीवरही घनसेंटिमीटरमागे काही शे इलेक्ट्रॉन असायला हवे होते. तिथे जवळजवळ पोकळी आहे अशी तेव्हाची समजूत. हे त्याने मांडलं १९५३ मध्ये. स्पुटनिक उडायला अजून चार वर्षं होती. चित्राकडे बोट दाखवून ठाम बोलणारे आम्हा कन्सल्टंट लोकांत पैशाला पासरी आहेत (मीही त्यातलाच). स्टोरीचं म्हणणं मात्र दुसऱ्या कुणाला तपासता येण्याजोगं होतं, आणि लोकांनी ते तपासलं. बलरेषेच्या एका टोकाला न्यूझीलंड, दुसऱ्या टोकाला अलास्काजवळची अल्यूशियन बेटं. दोन्हीकडे त्याच शिट्ट्या सापडल्या. १९५६ मध्ये त्या नोंदी प्रसिद्ध झाल्या.

हे वाचल्यावर मला राहवेना. झाडावर टाकलेली तार, छोटा ॲम्प्लिफायर, लॅपटॉप. स्टोरीने खटपटीने बांधलेल्या यंत्राचं काम आज फुकटचं सॉफ्टवेअर करतं. पहिल्या रात्री पडद्यावर काय आलं? वहीच्या पानासारख्या आडव्या रेघा, एकाखाली एक. घरातल्या ६० हर्ट्झ विजेचा गुणगुणाट!

तेव्हा आमचं अलिबाग आठवलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मग कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. ही शिस्त मला ट्रामच्या गोष्टीपेक्षाही मोठी वाटते. अलिबागला शिट्टी मिळणं मात्र कठीण. विषुववृत्ताजवळच्या बलरेषा फार उंच जातच नाहीत. भारतात त्या नोंदल्या गेल्या त्या गुलमर्ग, नैनितालसारख्या उत्तरेकडच्या ठिकाणी. ॲन आर्बरची बलरेषा उंच चढून थेट अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रावर उतरते.

मग मीही माझं 'अलिबाग' शोधलं: डेक्स्टरच्या पलीकडे, विजेच्या खांबांपासून लांब असलेलं एका ओळखीच्यांचं शेत. पहाटे चारला लेक थर्मासमधला चहा ओतत होती. दोन पहाटा नुसत्या उभ्या रेघा. तिसऱ्या पहाटे पडद्यावर एक ठक् उमटला, आणि साधारण दीड सेकंदाने त्याच्या उजवीकडे एक फिकट, वाकडी रेघ खाली उतरली. हेडफोन तिच्या कानाला होते. मी फक्त पाहिली, ऐकली तिने.