जर्मनी व भारत : भूगोल, दळणवळण आणि शासनपद्धती

जर्मनीचे क्षेत्रफळ सुमारे ३,५७,००० चौ. किमी. म्हणजे महाराष्ट्राहून थोडेसेच अधिक; भारत त्याच्या नऊपटींहून मोठा. उत्तरेस सखल मैदान, मध्यभागी डोंगराळ प्रदेश व दक्षिणेस आल्प्स अशी त्याची रचना आहे. ऱ्हाइन नदी हा मालवाहतुकीचा मोठा जलमार्ग. काउब गावाजवळ पात्र उथळ असल्याने पाणी उतरले की जहाजांना कमी माल भरावा लागतो. २०१८ च्या अवर्षणात याचा फटका कारखान्यांना बसला. भारतात अवजड माल मुख्यतः रेल्वे व रस्त्यानेच जातो. जर्मनीत पहिली प्रवासी आगगाडी १८३५ मध्ये न्यूरेंबर्ग–फ्युर्थ, तर भारतात १८५३ मध्ये बोरीबंदर–ठाणे धावली.

दोन्ही देश संघराज्ये आहेत, पण खरा फरक प्रसारणात दिसतो. भारतात हा विषय केंद्राचा. जर्मनीत १६ घटकराज्यांचा. चान्सलर (सरकारप्रमुख) आडेनाउअर यांनी केंद्राच्या वर्चस्वाखाली दूरचित्रवाणी वाहिनी काढू पाहिली, ती संघीय घटनात्मक न्यायालयाने १९६१ मध्ये रोखली. मग राज्यांनीच करार करून ‘त्सेड-डे-एफ’ ही वाहिनी उभारली.

संसदीय रचनेतही फरक आहे. जर्मनीत राज्यांचे सभागृह असलेल्या बुंडेसराटमध्ये राज्य सरकारांचे प्रतिनिधी बसतात व प्रत्येक राज्याची मते एकगठ्ठा पडतात. भारतात मात्र राज्यसभेचे बहुतेक सदस्य आमदार निवडतात. उत्तराधिकारी निवडल्याशिवाय बुंडेसटागला (जर्मनीच्या लोकनिर्वाचित सभागृहाला) चान्सलर हटवता येत नाही. १९८२ मध्ये श्मिट यांच्या जागी कोल याच मार्गाने आले. भारतात अशी अट नाही : १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, पर्यायी सरकार जुळले नाही आणि मध्यावधी निवडणूक घ्यावी लागली.