भांडवल

साताऱ्या-सांगलीकडच्या सभांत एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘जातीचं भांडवल करू नका.’ दर वेळी मला त्यातला ‘भांडवल’ खटकतो. शब्द मुळात बाजारातला. संस्कृत ‘भाण्ड’ म्हणजे भांडं, मग भांड्यातला माल, मग व्यापाऱ्याची पुंजी. सांगलीच्या हळदपेठेत कानडी व्यापारी ‘बंडवाळ’ म्हणतो, तो हाच शब्द. पुढे त्याला फारसी ‘शाही’ जोडली गेली.

भांडवलाला जात असते का, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांना दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे; सवर्ण कामगारांना विटाळ नको, म्हणून दलितांना विणखातं बंद. आणि चांगली मजुरी तिथंच होती. मालकानं नफा पाहिला, सोबत्यानं जात पाहिली, पगार दोघांनी मिळून ठरवला.

आता आजाराचं, अपघाताचं, कशाचंही भांडवल होतं. जातीचं भांडवल केल्याचा आरोप मात्र बहुतेकदा अन्याय सांगणाऱ्यावरच होतो.