एकच रेकॉर्ड, दोन याद्या : स्टॅक्स कंपनीची गोष्ट

अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतून स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीची गाणी मी गेली काही वर्षं एका वहीत उतरवून घेत आलो आहे. प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने. एकात ‘रिदम अँड ब्लूज’च्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या बाजारासाठी वेगळ्या काढल्या जाणाऱ्या यादीतला सर्वांत वरचा क्रमांक, दुसऱ्यात सर्वसाधारण पॉप यादीतला. ओटिस रेडिंगचं ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ (१९६५): २ आणि २१. त्याचंच ‘रिस्पेक्ट’, त्याच वर्षीचं: ४ आणि ३५. सॅम अँड डेव्ह या जोडीचं ‘होल्ड ऑन, आय ॲम कमिन’ (१९६६): १ आणि २१. एडी फ्लॉइडचं ‘नॉक ऑन वुड’, तेही १९६६चं: १ आणि २८.

रेकॉर्ड तीच, आवाज तोच, मग दोन रकान्यांत एवढी तफावत का? गोऱ्यांची आवड वेगळी होती, हे नेहमीचं उत्तर. ते सर्वस्वी चूक नाही. पण मला ते पुरेसं वाटत नाही.

आधी यादी कशी तयार होई ते पाहू. ‘हॉट १००’ ही पॉपची यादी ४ ऑगस्ट १९५८ला सुरू झाली. निवडक दुकानदारांनी ‘या आठवड्यात काय खपलं’ ते कळवायचं, रेडिओ केंद्रांनी ‘आम्ही काय वाजवतो’ ते कळवायचं, आणि त्यावरून क्रम लावायचा. विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डची यंत्राने नोंद होऊ लागली ती थेट १९९१मध्ये. तोवर सारी मदार विचारण्यावर. ज्या दुकानाला कुणी विचारलं नाही, तिथल्या विक्रीचा यादीशी संबंध नाही. आपल्याकडे बिनाका गीतमालेच्या ‘पायदाना’वरून तावातावाने वाद घातलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको, तिथेही रेकॉर्डविक्रीचे आकडे आणि श्रोतासंघांची पत्रं यांवरच सगळं चाले.

आता स्टॅक्स. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जिम स्ट्युअर्ट नावाचा बँकेत नोकरी करणारा, फावल्या वेळात फिडल वाजवणारा गोरा माणूस. १९५७ साली त्याने ‘सॅटेलाइट’ नावाने रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन हिने घर गहाण टाकून ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन दिलं. १९६०मध्ये दोघांनी ईस्ट मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं चित्रपटगृह भाड्याने घेतलं. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवून तिथे स्टुडिओ झाला, आणि खाऊच्या काउंटरच्या जागी एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. पुढच्या वर्षी दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून नाव झालं स्टॅक्स.

या दुकानाला इतिहासकार जितकं महत्त्व देतात त्याहून जास्त ते द्यायला हवं, असं माझं मत आहे. आजूबाजूची वस्ती कृष्णवर्णीयांची. तिथली पोरं दुकानात येत, रेकॉर्ड ऐकत, नाक मुरडत, नाचत. आत नुकतंच मुद्रित झालेलं गाणं एस्टेल बाहेर वाजवून बघे. म्हणजे कंपनीची स्वतःची मोजणी दारातच चालू होती, आणि ती बिलबोर्डच्या मोजणीहून खरी होती. पण देशभरच्या पॉप यादीत शिरायचं तर माल देशभरच्या दुकानांत पोहोचायला हवा. ते काम न्यू यॉर्कच्या अटलांटिक कंपनीने घेतलं. मार-कीज या वाद्यवृंदाचं ‘लास्ट नाइट’ १९६१मध्ये पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी बुकर टी. अँड द एमजीजचं ‘ग्रीन अनियन्स’ही तिसरं. दोन्ही केवळ वाद्यांच्या रचना. ऐकणाऱ्याला वाजवणाऱ्याचा रंग कळायला मार्ग नाही. (एमजीजमध्ये तर काळे-गोरे एकत्र होते, आणि तेही मेम्फिसमध्ये.) गायकाचा आवाज आला की अंतर वाढतं, हे माझ्या रकान्यांत स्पष्ट दिसतं.

नोव्हेंबर १९६३च्या अखेरीस बिलबोर्डने रिदम अँड ब्लूजची यादीच बंद केली. दोन्ही याद्यांत बरीचशी तीच गाणी दिसू लागली होती, हे त्यामागचं कारण मानलं जातं. जानेवारी १९६५मध्ये ती पुन्हा सुरू झाली. मधल्या सुमारे चौदा महिन्यांत माझ्या वहीतला पहिला रकाना कोरा आहे. गाणी निघत होती, खपत होती, पण त्या वस्तीची आवड बिलबोर्डने वेगळी नोंदवलेली नाही. याच काळात बीटल्स अमेरिकेत आले, आणि याच काळात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या सुप्रीम्स पॉप यादीत एकामागून एक पहिला क्रमांक पटकावू लागल्या. मोटाउनने आपल्या इमारतीवर ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लावली होती; स्टॅक्सने चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर अक्षरं लावली, ‘सोल्सव्हिल’. चुरस होती, पण बरोबरीची नव्हती. मोटाउनने गोऱ्या श्रोत्यासाठी गाणं घासूनपुसून घेतलं. स्टॅक्सने ते फारसं केलं नाही.

ओटिस रेडिंगला हयातीत पॉपच्या पहिल्या विसात कधी जागा मिळाली नाही. १० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात त्याचं विमान कोसळलं. वय २६. बार-केज या साथीदार वाद्यवृंदातली चार मुलंही गेली. काही दिवसांपूर्वीच मुद्रित केलेलं ‘डॉक ऑफ द बे’ स्टीव्ह क्रॉपरने लाटांचे नि पक्ष्यांचे आवाज घालून पूर्ण केलं. १६ मार्च १९६८ला ते पॉप यादीत पहिलं आलं आणि चार आठवडे तिथे राहिलं. गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर पोहोचलेलं हे अमेरिकेतलं पहिलं गाणं. स्टॅक्सचंही पॉपमधलं हे पहिलंच अव्वल स्थान.

त्या चौथ्या आठवड्यात, ४ एप्रिलला, मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. स्टॅक्सची काळी-गोरी मंडळी एकत्र बसून गाणी लिहायची ती याच मोटेलमध्ये. ‘नॉक ऑन वुड’ तिथलंच.

आणि त्याच सुमारास तिसरा आघात. अटलांटिक कंपनी विकली गेली तेव्हा स्ट्युअर्टने १९६५चा करार काढून पाहिला. अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या सर्व मुद्रणांची मालकी अटलांटिककडे, असं कलम त्यात होतं. त्याने ते न वाचताच सही केली होती. अटलांटिकचे जेरी वेक्सलर यांनीही पुढे सांगितलं, की आपल्याला त्या कलमाची कल्पना नव्हती. कल्पना असो वा नसो, मुद्रणं गेली. सॅम अँड डेव्हही गेले. ते मुळात अटलांटिकचेच, स्टॅक्सकडे पाठवलेले.

कंपनी संपायला हवी होती. संपली नाही, याचं श्रेय अल बेल यांना. रेडिओवर निवेदक राहिलेला हा कृष्णवर्णीय माणूस १९६५पासून स्टॅक्सचा प्रचार सांभाळत होता, आणि कुठलं केंद्र काय वाजवतं नि कुठलं दुकान कुणाला काय कळवतं हे त्याला पाठ होतं. मुद्रणांचा साठाच उरला नाही म्हणताना त्याने १९६९च्या मध्यावर एका दमात २७ एलपी बाजारात आणल्या. त्यातली आयझॅक हेजची ‘हॉट बटर्ड सोल’ म्हणजे अवघी चार गाणी, त्यातलं एक अठरा मिनिटांहून लांब. रेडिओच्या तीन मिनिटांच्या साच्यात हे बसेना; कापून काढलेली गाणी पॉप यादीत ३० आणि ३७ वर थांबली. पण एलपींच्या पॉप यादीत तीच तबकडी आठव्या क्रमांकावर. मोजायची वस्तू बदलली, तर तोच श्रोता एकदम दिसू लागला. पाठोपाठ हेजचं ‘थीम फ्रॉम शाफ्ट’ (१९७१) आणि स्टेपल सिंगर्सचं ‘आय विल टेक यू देअर’ (१९७२) पॉपमध्ये पहिलं आलं. ‘डॉक ऑफ द बे’ धरून कंपनीच्या साऱ्या आयुष्यात एवढी तीनच.

१९७२मध्ये बेल यांनी वितरण सीबीएस या बलाढ्य कंपनीकडे दिलं. माझ्या मते घात इथे झाला. सीबीएसचं जाळं मोठ्या दुकानांच्या साखळ्यांत पक्कं. काळ्या वस्त्यांतल्या छोट्या दुकानांशी त्यांचा परिचय बेताचा. करार घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस मे १९७३मध्ये सीबीएसमधून गेले आणि उरलासुरला रसही संपला. मागणी होती, रेकॉर्ड छापलेल्या होत्या, पण जिथे गिऱ्हाईक उभं तिथे माल नाही. आणि दुकानात नसलेली रेकॉर्ड यादीत कशी येणार? शर्ली ब्राउनचं ‘वुमन टू वुमन’ (१९७४) हे कंपनीचं शेवटचं मोठं गाणं. रकाने पाहा: १ आणि २२. आठ वर्षांपूर्वीचंच अंतर.

१९ डिसेंबर १९७५ला धनकोंनी स्टॅक्सला दिवाळखोरीत ओढलं. तिथला गायक जॉनी टेलर तोवर सीबीएसच्याच कोलंबिया लेबलवर गेला होता. एप्रिल १९७६मध्ये त्याचं ‘डिस्को लेडी’ पॉप यादीत पहिलं आलं आणि चार आठवडे तिथे राहिलं. वीस लाख प्रतींच्या खपासाठी सुरू झालेला ‘प्लॅटिनम’ दर्जा मिळवणारं ते पहिलं सिंगल ठरलं.