बहुरूप्याची पैज

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या सडकेवर, कन्हान नदीच्या काठीं मौदा हें गांव लागतें. हा मुलूख मध्यप्रांतांत मोडत होता तेव्हां, १९१६ सालीं, रसेल व हिरालाल यांनीं प्रांतांतील जातिजमातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत बहुरूप्याची एक युक्ति नोंदलेली आहे. बहुरूपी धनिकापाशीं इनाम मागे. आपल्याला फसविलेंस तर देईन, असें धनिक म्हणे. कांहीं दिवसांनीं तोच बहुरूपी गवळी किंवा फेरीवाला होऊन येई, त्याच धनिकाला माल विके, आणि मग सोंग उतरवून ठरलेलें इनाम मागे.

या खेळाला रंगभूमि नाहीं, पडदा नाहीं, लिहिलेलीं भाषणेंहि नाहींत. समोरचा गृहस्थच नकळत दुसरें पात्र होतो. त्यानें भावाची घासाघीस केली कीं संवाद रंगलाच! पण खरी गंमत सोंग वठण्यापेक्षां तें उतरण्यांत असते. त्या क्षणीं फसलेला मनुष्य हंसला नाहीं, तर उरते ती निव्वळ लबाडी.

१९५९ च्या मुंबई भीक-प्रतिबंधक कायद्यानें मात्र सार्वजनिक जागीं खेळ करून पैसे मागणें, तसेंच भिक्षेसाठीं कोणाच्या आवारांत शिरणें, हीं दोन्ही भीक मागण्याच्या व्याख्येंत घातलीं. पैज जिंकून घेतलेल्या इनामासाठीं त्या व्याख्येंत वेगळा शब्द नव्हता.