एल्डरबेरी

यूरोपात कुंपणांत, ओढ्याकाठी व रानाच्या कडेने वाढणाऱ्या सँब्युकस नायग्रा या पानझडी झुडपाची काळी-जांभळी, रसाळ फळे. ती ऑगस्टअखेरपासून पिकू लागतात. घोस पूर्ण काळा होऊन खाली झुकला की देठासह कापतात. सँब्युकस एब्युलस या विषारी, झुडपासारख्या न वाढणाऱ्या जातीचे घोस मात्र ताठ उभे असतात. हा फरक ओळखता आल्याशिवाय तोडणी करू नये.

पाने, देठ, बिया व कच्ची फळे यांत सायनाइड मोकळे करणारी ग्लायकोसाइडे असतात. न शिजवता खाल्ल्यास मळमळ, उलटी व जुलाब होऊ शकतात; म्हणून फळे शिजवूनच वापरावीत. जेवणाच्या काट्याने दाणे ओढून देठापासून सोडवतात, हिरवे दाणे निवडून टाकतात आणि थोड्या पाण्यात उकळून रस कापडातून गाळतात. त्याचे डाग सहज निघत नाहीत. चव आंबट-तुरट, काहीशी मातकट; साखर व लिंबाने ती खुलते. जेली नीट जमावी म्हणून सफरचंद मिसळतात. इंग्लंडमध्ये या फळांची वाइन करतात. उत्तर जर्मनीतील सूप हा त्यांचा सर्वांत सुंदर उपयोग म्हणावा लागेल : गोड केलेल्या रसात सफरचंदाच्या फोडी शिजवून, रव्याचे गोळे सोडून ते गरम वाढतात.