रेड टाइड आणि श्वसनविकार

समुद्रात विषारी शैवाल बेसुमार वाढले की त्याचे विष लाटांच्या तुषारांतून हवेत मिसळते. ती हवा श्वासावाटे शरीरात गेल्याने श्वसनमार्गाला होणाऱ्या त्रासांची ही नोंद आहे. या त्रासांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेत, फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर. कॅरेनिया ब्रेव्हिस हे एकपेशीय शैवाल तिथे माजले की पाणी तांबूस-तपकिरी दिसू लागते (यालाच ‘रेड टाइड’ म्हणतात), मेलेल्या माशांचा खच किनाऱ्याला लागतो आणि वाळूवर फिरायला आलेली माणसे खोकू लागतात.

१९४७ साली फ्लॉरिडातील व्हेनिस गावी अशीच साथ आली होती. त्या पाण्याचे कृत्रिम तुषार श्वासात घेतले तरी तोच खोकला, तीच घशाची जळजळ होते, हे आल्फ्रेड वुडकॉक या संशोधकाने दाखवून दिले.

या शैवालाला टणक कवच नसते. फुटणाऱ्या लाटांच्या माऱ्यात पेशी फाटतात आणि ब्रेव्हेटॉक्सिन हे विष पाण्यात सुटते. पाण्यातले हवेचे बुडबुडे ते पृष्ठभागावर आणतात. बुडबुडा फुटला की विषाचे सूक्ष्म थेंब उडतात आणि समुद्राकडून येणारा वारा ते वस्तीपर्यंत नेतो. ब्रेव्हेटॉक्सिन मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. त्यामुळे श्वासनलिकेचे स्नायू आकसतात. डोळे चुरचुरतात, नाक गळते, शिंका येतात, छाती भरून येते. धडधाकट माणूस किनाऱ्यावरून दूर गेला की बहुधा लवकरच बरा होतो.

दमेकऱ्यांचे मात्र तसे नाही, आणि खरी काळजी त्यांचीच. फ्लॉरिडातीलच सारासोटा परिसरातील अभ्यासात दमेकऱ्यांना तासभर किनाऱ्यावर फिरायला सांगून आधी व नंतर त्यांचा श्वास मोजला गेला. फुप्फुसांची क्षमता घटलेली आढळली आणि काहींची लक्षणे पुढे कित्येक दिवस टिकली. तिथल्याच एका रुग्णालयाच्या नोंदींत, २००२ च्या तुलनेत २००१ च्या रेड टाइडच्या काळात किनाऱ्यालगतच्या रहिवाशांमधले श्वसनाच्या तक्रारींचे तातडीचे रुग्ण ५४ टक्क्यांनी जास्त होते. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली साथ तर २०१९ पर्यंत रेंगाळली.

हा प्रश्न फ्लॉरिडापुरता नाही. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोआ येथे ऑस्ट्रिऑप्सिस ओव्हाटा या शैवालामुळे सुमारे दोनशे जणांना ताप, खोकला व धाप लागून उपचार घ्यावे लागले. त्यांतले काही पाण्यात उतरलेही नव्हते. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर सप्टेंबर २००४ मध्ये दोनशेहून अधिक लोकांना, त्यांतही बहुतांशी मुलांना, मळमळ व श्वास लागण्याचा त्रास झाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला. तिथे मात्र दोष शैवालाच्या साथीतून उठलेल्या दुर्गंधीचा होता, ब्रेव्हेटॉक्सिनचा नव्हे.

रेड टाइडच्या दिवसांत दमा असलेल्यांनी पाण्याच्या रंगावर विसंबू नये. वारा समुद्राकडून असेल तर किनारा टाळावा, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि इनहेलर जवळ बाळगावा.