उमेदवारी : वकिलातीच्या कचेरीतील विनावेतन शिक्षणाचा पूर्वेतिहास

शहादे तालुक्यातील ब्राह्मणपुरी या गावच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास मुंबईतील एका परकीय वकिलातीच्या व्यापार-कचेरीत काही महिने स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी आली होती. आयात-निर्यातीचे कामकाज प्रत्यक्ष पाहावयास मिळणार होते, शेवटी प्रमाणपत्रही मिळणार होते. वेतन मात्र मिळणार नव्हते. “सर, काम मी शिकेन, पण तोवर मुंबईत राहू कोठे आणि खाऊ काय?” असे त्याने प्रस्तुत लेखकास विचारले. ही अडचण आजकालची आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तिला मराठीत जुने नाव आहे. ते नाव म्हणजे ‘उमेदवारी’ होय.

फार्सीत ‘उमेद’ म्हणजे आशा आणि ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून राहिलेला. आज हा शब्द निवडणुकीस उभा राहिलेल्या किंवा नोकरीसाठी अर्ज केलेल्या मनुष्यास लावतात. परंतु ‘चार वर्षे उमेदवारी केली’ असे आपण म्हणतो, तेव्हा जुना अर्थ जागा होतो. जागा रिकामी होईल या आशेवर कचेरीत बसून, पगारावाचून, कारकुनाच्या हाताखाली नकला करीत काम शिकणारा, तो उमेदवार. ‘वकील’ या अरबी शब्दाचीही अशीच गत झाली. मराठी राजवटीत वकील म्हणजे परदरबारी नेमलेला प्रतिनिधी. न्यायालयात बाजू मांडणारा हा अर्थ पुढे रूढ झाला. जुना अर्थ ‘वकिलात’ या शब्दात तेवढा टिकून राहिला आहे. वकिलातीत उमेदवारी करणे ही कल्पना म्हणून मराठीस परकी नाही. प्रश्न एवढाच, की अशा उमेदवारीचा खर्च कोणी सोसला?

या दृष्टीने पाहता आपल्या परिसरातील व्यापारी मार्गाचा इतिहास उद्बोधक आहे. १६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून नंदुरबारवरून बऱ्हाणपुरास गेला. तेथे शाहजादा परवेझ याच्याकडून त्याने वखारीची परवानगी मिळविली. रो हा वकील राजाचा होता. त्याचे वार्षिक ६०० पौंडांचे वेतन मात्र ईस्ट इंडिया कंपनी देत असे. म्हणजे इंग्रजांची वकिलात आणि वखार ही आरंभापासूनच एकमेकींशी बांधलेली होती. रोला येथील भाषा येत नव्हती आणि दुभाषी आपले बोलणे जसेच्या तसे पोचवीत नाहीत, ही त्याची तक्रार होती. परक्या दरबारी व्यापाराची बोलणी करण्यास शिकलेली माणसे लागतात, ही गोष्ट त्यावरून स्पष्ट होते.

अशी माणसे तयार करण्याची कंपनीची रीत डॉ. जॉन फ्रायर याच्या प्रवासवर्णनात नमूद आहे. फ्रायर १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थानात व इराणात होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे नवा लेखनिक पाच वर्षे वार्षिक १० पौंडांवर काम करी आणि वर्तणुकीबद्दल हमी लिहून देई. त्यानंतर तो फॅक्टर, म्हणजे वखारीचा व्यापारी प्रतिनिधी, होई. त्याचे वेतन २० पौंड होई आणि पुढे पायरीपायरीने तो ‘मर्चंट’ या पदास चढे. लेखनिकांच्या जागी लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेतील मुलेही सात वर्षांच्या करारावर शिकाऊ म्हणून आणीत. वेतन तुटपुंजे खरे. तथापि राहण्याजेवण्याची सोय वखारीतच होती आणि मुख्य म्हणजे मुदत व बढती या दोन्ही गोष्टी कागदावर होत्या. आशेवर बसण्याचे कारण नव्हते.

या शिक्षणाचे फळ १६७४ साली रायगडावर दिसले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी हेन्री ऑक्झिंडेन हा दोन फॅक्टरांसह गडावर आला आणि जून महिन्यात तह ठरला. राजापूरच्या लुटीची भरपाई, वखारी घालण्याची मुभा आणि अडीच टक्के जकात ही त्यातील प्रमुख कलमे. म्हणजे विषय मुख्यतः व्यापाराचाच होता. परंतु ऑक्झिंडेनच्या आधी गडावर जाऊन निराजी पंडितांशी बोलणी करून ठेवणारा मनुष्य होता कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी. दोन्ही बाजूंचे शब्द, शिष्टाचार आणि हिशेब ज्यास कळत होते, असा तो होता. तरीही लेखनिक–फॅक्टर–मर्चंट ही शिडी त्याच्यासाठी नव्हती. ज्ञान एकाकडे आणि बढतीचा करार दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मराठ्यांच्या बाजूस निराळी व्यवस्था दिसते. नाशिकचे महादेवभट हिंगणे हे दिल्लीस मराठ्यांचे वकील झाले; त्यांच्यामागे बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या मुलांनी ते काम चालविले. बातमीपत्रे लिहिणे, दरबारी संधान राखणे, हुंड्यांची उलाढाल पाहणे ही या घराण्याची नित्याची कामे होती. मुलगा हे सर्व बापाच्या कचेरीत बसून शिके. त्याच्या अन्नवस्त्राचा भार घरावर असल्याने स्वतंत्र करार वा वेतन यांची गरजच पडत नसे. गुणांच्या दृष्टीने हे शिक्षण उत्तम होते, याबद्दल शंका नको. हिंगणे दप्तराची पाने त्याची साक्ष देतात. मात्र ज्याचे घर वकिलाचे नाही आणि ज्याला पोसणारे घरही नाही, त्याला या कचेरीत शिरण्यास वाट नव्हती. वकिली वंशपरंपरेने चालली याचे कारण अधिकारापुरते नव्हते. शिकण्याचा खर्च कोण उचलतो, यातही ते होते.

दोन्ही पद्धतींत गुणदोष आहेत. कंपनीच्या पद्धतीत एतद्देशीयांना वाव नव्हता. मराठी पद्धतीत घराण्याबाहेरच्यांना नव्हता. पण कंपनीने शिकाऊ मनुष्याचा खर्च हा व्यापाराच्या खर्चाचाच भाग मानला, तर आपल्याकडे तो घराने सोसला. ‘उमेदवारी’ हा शब्द या दुसऱ्या व्यवस्थेचा वारस आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात या शब्दास नवा आशय देण्याचा यत्न झाला. १९६१ च्या कायद्याने ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञा करार व विद्यावेतन यांच्याशी जोडली. आशेच्या जागी हक्क आला. स्वयंसेवक म्हणून, करारावाचून घेतलेला विद्यार्थी मात्र या चौकटीबाहेर राहतो. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केलेल्या आंतरवासिता योजनेत दरमहा १०,००० रुपये मानधन, दिल्लीस जाण्यायेण्याचे विमानभाडे आणि आकांक्षित जिल्ह्यांतील अर्जदारांना प्राधान्य अशी तरतूद होती. २०१८ साली सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात नंदुरबारचा समावेश झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. विद्यार्थी कोठून येतो आणि तो जगेल कशावर, या दोन प्रश्नांचा विचार निवडीच्या नियमांतच व्हावा, ही दृष्टी महत्त्वाची आहे.

ब्राह्मणपुरीचा विद्यार्थी त्या वर्षी मुंबईस गेला नाही. ज्या जिल्ह्यातून रो बऱ्हाणपुरास गेला, तेथील मुलास व्यापाराची वकिली शिकण्यास अडचण बुद्धीची नव्हती, भाषेचीही नव्हती. घरी अहिराणी, बाजारात गुजराती, महाविद्यालयात मराठी व इंग्रजी असा त्याचा नित्यक्रम होता. नारायण शेणव्यास शोभेल असे हे भांडवल होय. उणीव होती ती मुंबईतील काही महिन्यांच्या अन्ननिवाऱ्याची. आपले विभाग विद्यार्थ्यांना अशा कचेऱ्यांकडे शिफारसपत्रे देऊन पाठवितात, तेव्हा त्या पत्रासोबत या खर्चाची तजवीजही व्हावयास हवी. तसे न झाल्यास पत्र सर्वांना मिळेल आणि कचेरीत मात्र मुंबईत घर असलेलेच बसतील.